मेल्बा लिस्टन आणि अरेंजरचा हक्क

१९६० साली आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत ‘उहुरू आफ्रिका’ या नावाची चार भागांची एक मोठी रचना ध्वनिमुद्रित झाली. स्वातंत्र्याची कविता लँग्स्टन ह्यूजची, सुरावटी जॅझ पियानोवादक रँडी वेस्टनच्या, ताल धरायला मॅक्स रोच, कँडिडो आणि नायजेरियाचा ओलातुंजी. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, बासऱ्या आणि गायक धरून वीसहून अधिक माणसं त्या खोलीत होती. चार वर्षांनी दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने या रेकॉर्डवर बंदी घातली. संगीताच्या एका तुकड्याची एवढी धास्ती घ्यावी लागणं, हीच त्याची थोरवी.

ही रचना कोणाची, असं विचारलं तर उत्तर येतं, रँडी वेस्टनची. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. त्या दिवशी वादकांसमोरच्या स्टँडवर जे कागद होते, ते मेल्बा लिस्टनने लिहिले होते. वेस्टनच्या दोन हातांत मावणारं संगीत एवढ्या मोठ्या ताफ्याच्या तोंडी आणि हाती कसं जाईल, हे तिने ठरवलं होतं. मेल्बा ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य वाजवायची आणि अरेंजर, म्हणजे संगीत संयोजक, होती. तिने चाळीसहून अधिक वर्षं दुसऱ्यांच्या नावाखाली निघालेल्या रेकॉर्ड्ससाठी लिहिलं. स्वतःच्या नेतृत्वाखाली तिची एकच रेकॉर्ड निघाली.

माझं म्हणणं सरळ आहे. अरेंजर हा सहनिर्माता आहे. त्याचं नाव रचनाकाराच्या शेजारी छापलं गेलं पाहिजे आणि त्या ध्वनिमुद्रणातून जोवर पैसा येत राहतो, तोवर त्यात त्याचा वाटा असला पाहिजे. हा प्रश्न न्यूयॉर्कपुरता नाही. मुंबईत आणि गोव्यातही तो तितकाच जुना आहे. पण आधी मेल्बाकडे पाहू, कारण अरेंजर म्हणजे नेमकं काय, हे तिच्या कामातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठल्याही व्याख्येतून दिसत नाही.

वेस्टनने आपल्या मुलाच्या नावाने ‘लिटल नाइल्स’ ही तीन मात्रांच्या चालीची धून बांधली. १९५८ मध्ये त्याच नावाची रेकॉर्ड झाली आणि तिथून त्या दोघांचं काम सुरू झालं. पियानोवर ती धून काही ओळींची आहे. ती वाद्यवृंदासाठी लिहायची म्हणजे पहिला निर्णय हा की, मूळ सुरावट कोणी वाजवायची. ट्रम्पेटने वाजवली तर ती उजळ होते, टेनर सॅक्सोफोनने वाजवली तर गडद. मग स्वर किती वर ठेवायचा. कारण वाद्याच्या ताणलेल्या टोकाला तोच स्वर वेगळं बोलतो. मग प्रत्येक स्वराच्या खाली कोणते दोन-तीन स्वर लावायचे, ते कोणाकडे द्यायचे, कोणता स्वर मुद्दाम गाळायचा. एकल वादक मोकळा सुटला की मागच्यांनी गप्प बसायचं, लांब स्वर धरायचा की मधूनच टोकायचं. सुरुवात कशी, शेवट कसा, मधले दुवे कुठून आणायचे. यातलं काहीच मूळ धुनेत लिहिलेलं नसतं. धून ऐकणाऱ्याला ओळखू येते, पण तिचं अंग, तिचा रंग, तिचं वजन ठरवतो तो अरेंजर.

मेल्बाचं वेगळेपण वेस्टनच्या संगीतात खास जाणवतं. वेस्टनचा हात पियानोच्या खालच्या पट्टीत रमणारा, त्याचे स्वरसमूह कर्कशाच्या सीमेवर जाणारे. दुसऱ्या एखाद्या अरेंजरने ते गुळगुळीत करून टाकले असते. मेल्बाने तो खडबडीतपणा जपला आणि पितळी वाद्यांत तसाच उतरवला. तिचं लेखन ऐकताना वेस्टनचाच पियानो मोठा झाल्यासारखा वाटतो, आणि तीच खरी अडचण आहे: काम जितकं उत्तम, तितका करणारा अदृश्य. वेस्टनने मात्र हे कधी लपवलं नाही. आयुष्यभर तो जिथे संधी मिळेल तिथे तिचं नाव घेत राहिला आणि १९९३ च्या ‘व्हॉल्कॅनो ब्लूज’वर दोघांची नावं बरोबरीने आली. एका भल्या माणसाने स्वखुशीने केलेली ही गोष्ट सगळ्यांसाठी नियम का असू नये?

मेल्बाचा जन्म १३ जानेवारी १९२६ चा, कॅन्सस सिटीचा. सातव्या वर्षी तिने ट्रॉम्बोन पाहिला आणि हट्ट धरला. आईने तो घेऊन दिला. ट्रॉम्बोनला बटणं नसतात, पडदे नसतात. एक लांब नळी पुढे-मागे सरकवायची. तिची सात स्थानं, प्रत्येक पुढचं स्थान अर्ध्या स्वराने खाली. ती स्थानं नळीवर कोरलेली नसतात, कानाने आणि दंडाने शोधायची असतात. सात वर्षांच्या पोरीचा हात शेवटच्या स्थानापर्यंत पोहोचत नसे, म्हणून ती मान वळवून, अंग कलतं करून नळी पुढे ढकलायची. आठव्या वर्षी तिने गावच्या रेडिओवर वाजवलं. १९३७ मध्ये कुटुंब लॉस एंजेलिसला आलं आणि तिथे अल्मा हायटावर नावाच्या बाईंच्या हाताखाली तिचं शिक्षण झालं. या बाई मुलांना वाद्य, वाचन आणि रंगमंचावर उभं राहणं असं सगळं शिकवत. सोळाव्या वर्षी वादकांच्या युनियनचं कार्ड मिळालं आणि लिंकन थिएटरच्या वाद्यवृंदात नोकरी लागली. पुढे जेरल्ड विल्सनच्या बिग बँडमध्ये ती वाजवू लागली आणि त्याच्या स्कोअरवरून, म्हणजे सगळ्या वाद्यांचे स्वर एकत्र लिहिलेल्या प्रतीवरून, प्रत्येक वादकाचा वेगळा कागद उतरवण्याचं कामही करू लागली. हे उतरवणं कारकुनी वाटतं, पण याहून चांगली शाळा नाही. दुसऱ्याचा प्रत्येक स्वर आपल्या हातून जातो आणि तो तिथे का आहे हे कळू लागतं.

ट्रॉम्बोन आणि अरेंजिंग यांचं नातं मला योगायोग वाटत नाही. ग्लेन मिलर, जे. जे. जॉन्सन, बॉब ब्रुकमायर, स्लाइड हॅम्प्टन हे सगळे ट्रॉम्बोनवाले, आणि सगळे लिहिणारे. वरती ट्रम्पेटची चमक, पुढे सॅक्सोफोनची रांग, आणि मधल्या-खालच्या स्वरांचा भार ट्रॉम्बोनवर. ज्याला रोज मधला स्वर सांभाळायचा असतो त्याला सगळा डोलारा आतून ऐकू येतो. तिथे बसून मेल्बाचा कान घडला.

१९४८ च्या सुमारास ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीने तिला न्यूयॉर्कला आपल्या बँडमध्ये घेतलं. जॉन कोल्ट्रेन, जॉन लुईस, पॉल गोन्साल्विस अशी माणसं ज्या बँडमध्ये होती तो हा बँड. गिलेस्पीच्या बँडबद्दल मेल्बाने पुढे सांगितलं आहे की, एका बाईला एवढ्या लांबून, कॅलिफोर्नियातून, कशासाठी आणवलं, असं वादक कुरकुरत होते. गिलेस्पीने वाद घातला नाही. तिने लिहिलेली एक अरेंजमेंट काढायला लावली आणि कागद वाटले. वादकांना ती पहिल्या फटक्यात वाजवता आली नाही, अडखळत थांबावं लागलं. त्यानंतर कुरकुर थांबली. हा किस्सा बहुतेक ठिकाणी तिच्या विजयाचा म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरंही काही दिसतं. पुरुषाला त्या बँडमध्ये शिरायला ट्रॉम्बोन नीट वाजवणं पुरलं असतं. तिला त्यावर अरेंजरही असावं लागलं, आणि तेही बँडला न झेपणारं लिहिणारी. ते करूनही तिच्या वाट्याला काय आलं? दौऱ्यावर ती वादकांचे केस कापायची, बटणं शिवायची. आणि याहून फार वाईट: दौऱ्यांवर आपल्यावर झालेल्या अत्याचारांबद्दल तिने नंतर मुलाखतीत स्पष्ट शब्दांत सांगितलं. तिचं चरित्र सांगताना हे वगळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही, कारण बँडची बस हे तिचं कामाचं ठिकाण होतं.

१९४९ मध्ये गायिका बिली हॉलिडेबरोबर दक्षिणेतल्या राज्यांचा दौरा निघाला. वर्णभेदाच्या कायद्यांचा तो मुलूख. तिथल्या प्रेक्षकांना नाचायला संगीत हवं होतं आणि बँड नव्या वळणाचं वाजवत होता. खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या, पैसे संपले, बँड वाटेतच अडकला. मेल्बा लॉस एंजेलिसला परतली आणि तिने शिक्षण मंडळात कारकुनाची नोकरी धरली. तेव्हा तिचं वय पंचविशीच्या आत. पुढची काही वर्षं ती कचेरीत जात होती, अधूनमधून हॉलिवूडच्या चित्रपटांत गर्दीतली छोटी कामं करत होती. ‘द टेन कमांडमेंट्स’मध्ये ती दिसते. तिच्या पिढीतले लोक ज्या वर्षांत जॅझचा नकाशा बदलत होते, नेमकी ती वर्षं तिची फाइलींत गेली. प्रतिभा शेवटी आपली वाट काढतेच, असं म्हणणाऱ्यांनी ही वर्षं जमेस धरावीत. वाट निघाली ती गिलेस्पीने १९५६ मध्ये पुन्हा बोलावलं म्हणून. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्याचा बँड अबादान, कराची, ढाका, दमास्कस, अथेन्स असा फिरवला, तेव्हा मेल्बा त्यात वाजवत होती आणि त्या बँडसाठी लिहीतही होती.

डिसेंबर १९५८ मध्ये तिच्या नावाची ती एकमेव रेकॉर्ड ध्वनिमुद्रित झाली, ‘मेल्बा लिस्टन अँड हर बोन्स’. सगळे ट्रॉम्बोन आणि सोबतीला ताल. वेगवेगळ्या घशांचे ट्रॉम्बोन एकमेकांत मिसळून किती बोलू शकतात, हे ऐकायचं असेल तर ही रेकॉर्ड ऐकावी. पुढच्या वर्षी ती क्विन्सी जोन्सच्या बँडबरोबर युरोपला गेली. ज्या संगीतनाट्यासाठी गेले ते पॅरिसमध्ये बुडालं, आणि बँड परतीचे पैसे गोळा होईपर्यंत महिनोन्‌महिने युरोपभर वाजवत फिरला. मग न्यूयॉर्क, आणि तिचा सर्वांत भरघोस काळ. मिल्ट जॅक्सनची ‘फॉर समवन आय लव्ह’ तिची अरेंजमेंट. जॉनी ग्रिफिनची ‘व्हाइट गार्डेनिया’ तिची आणि नॉर्मन सिमन्सची. ही शेवटची रेकॉर्ड बिली हॉलिडेच्या आठवणीसाठी केलेली आहे. ज्या गायिकेबरोबर दक्षिणेत अडकून पडली, तिलाच मेल्बाने तंतुवाद्यं आणि पितळी वाद्यं यांच्या लेखनातून मानवंदना दिली. कव्हरवर नाव ग्रिफिनचं, विषय हॉलिडे. ज्याने कव्हरची मागची बाजू बारीक अक्षरांत वाचली, त्यालाच मेल्बा भेटली.

आता पैशाकडे येऊ, कारण नावाचा प्रश्न शेवटी तिथेच येऊन थांबतो. अमेरिकेत अरेंजरला युनियनच्या दराने पानामागे पैसे मिळतात. चार मात्राखंडांचं एक पान, असा हिशेब. पैसे सहसा एकदाच. रेकॉर्ड पन्नास वर्षं विकली गेली तरी पान तेवढंच. मूळ धुनेच्या रचनाकाराला प्रत्येक प्रतीमागे रॉयल्टी, कलाकाराला कराराप्रमाणे वाटा, कंपनीला मालकी. कायदा अरेंजमेंटला मूळ कृतीवरून बेतलेली कृती मानतो. आणि परवान्याखाली एखाद्या गाण्याची नवी आवृत्ती रेकॉर्ड केली, तर मूळ मालकाने स्पष्ट संमती दिल्याशिवाय त्या अरेंजमेंटला स्वतंत्र संरक्षण मिळत नाही. म्हणजे मेल्बाने एखाद्या जुन्या गाण्याचं सोनं केलं तरी त्या सोन्यावर तिचा हक्क नाही.

या व्यवस्थेच्या बाजूने जे बोललं जातं ते मी गंभीरपणे घेतो. पहिलं म्हणणं असं की, अरेंजर बदलला तरी गाणं तेच राहतं, म्हणून निर्माता एकच. कागदावरच्या गाण्याबद्दल हे खरं आहे. पण पैसा कागदावरून येत नाही, ध्वनिमुद्रणातून येतो. आणि ध्वनिमुद्रणात अरेंजर बदलला की वस्तूच बदलते. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. कितीतरी भावगीतं आपल्याला शब्द सुरू होण्याआधीच्या वाद्यांच्या तुकड्यावरून ओळखता येतात. तो तुकडा आपण गुणगुणतो, तो वाजला की घरातलं माणूस आतून येतं. तो तुकडा कधी संगीतकाराने सुचवलेला असतो, कधी संयोजकाने, कधी दोघांनी मिळून घडवलेला. नेमका कोणी, हे गाण्यागणिक वेगळं. म्हणूनच ते गाण्यागणिक लिहून ठेवायला हवं.

दुसरं म्हणणं, कामाचे पैसे दिले की हिशेब मिटला. घर बांधणाऱ्या गवंड्याला घराच्या भाड्यात वाटा कोण देतं? पण गवंडी आराखडा काढत नाही. अरेंजर काढतो. आणि ज्यांनी एकेकाळी हेच उत्तर गीतकारांना दिलं, त्यांना आपल्या संसदेने २०१२ मध्ये गप्प केलं. त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर चित्रपटासाठी लिहिणाऱ्या कवीचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क निर्माता करारात लिहून घेऊ शकत नाही. वारसांना किंवा हक्क सांभाळणाऱ्या संस्थेलाच तो देता येतो. एकरकमी पैसे देऊन कायमचं मोकळं होणं अन्यायाचं आहे, हे तत्त्व आपण मान्य केलेलं आहे. ते अरेंजरच्या दारात का थांबावं?

तिसरं म्हणणं मेल्बाबद्दलच केलं जातं: ती लाजाळू होती, तिला एकल वादनाची भीती वाटायची, पडद्यामागे राहणं ही तिची निवड होती. तिच्या स्वभावाबद्दल हे खरं आहे. १९४७ मध्ये सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनने तिच्यासाठी ‘मिसचिव्हस लेडी’ नावाची धून करून तिला आपल्याबरोबर रेकॉर्ड केलं, तेव्हाही एकल वादनासाठी तिला ढकलावं लागलं होतं. पण भित्र्या माणसाला कमी पैसे द्यावेत, असा नियम कुठे आहे? जॅझमध्ये कीर्ती एकल वादनातून वाटली जाते. जो पुढे येऊन वाजवतो त्याचं नाव लोकांच्या तोंडी बसतं. ही वाटणीची रीत आहे, गुणवत्तेची मोजणी नाही. आणि ज्या बसमध्ये तिला रात्री सुरक्षित वाटत नव्हतं, त्या बसमधून उतरून टेबलाशी लिहीत बसणं तिने पसंत केलं असेल, तर त्या पसंतीला मोकळी निवड म्हणायला माझं मन धजत नाही.

शेवटचं म्हणणं व्यवहाराचं: इतक्या जणांत पैसा वाटणं अशक्य आहे. जर्मनीतली गेमा आणि फ्रान्समधली सासेम या संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांच्या नियमांत अधिकृत अरेंजमेंटसाठी अरेंजरचा वाटा ठरलेला आहे आणि तिथलं संगीत काही थांबलेलं नाही. खुद्द अमेरिकेने २०१८ च्या कायद्यात डिजिटल प्रसारणाच्या पैशातून ध्वनिमुद्रणाचे निर्माते, मिक्सिंग करणारे आणि ध्वनिअभियंते यांना वाटा देण्याची वाट काढली. बटणं फिरवणाऱ्याचं योगदान कायद्याला दिसलं, हे चांगलंच झालं. पण स्वर लिहिणाऱ्याचं दिसलं नाही, याचं मला नवल वाटतं आणि रागही येतो.

मुंबईची गोष्ट याच धाग्याची आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवत. ती मुलं मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि तिथून चित्रपटांच्या स्टुडिओंत आली. हिंदी चित्रपटाच्या बऱ्याच संगीतकारांना स्वरलिपी येत नव्हती. मोठा वाद्यवृंद हाकायला लिहिणारा माणूस लागे. हल्दोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, ही माणसं ते करत. पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, हिंदी गाण्यात जॅझची जी लहर आणली, तिच्यात चिक चॉकलेटचा हात होता. १९५१ च्या ‘अलबेला’त तो आपल्या बँडसह पडद्यावर दिसतोसुद्धा. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय रागांवर बेतलेल्या सिंफनी रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून करून घेतल्या. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलालांनी पुढे एका गाण्यात त्यांचं नाव अजरामर केलं. आज ते नाव देशभर सगळ्यांना पाठ आहे, आणि तो माणूस कोण होता हे शंभरात एकालाही माहीत नाही. श्रेयाच्या बाबतीत आपली रीत कशी आहे, ते याहून नेमकं सांगता येणार नाही.

मराठीतही वेगळं नाही. अनिल मोहिले, श्यामराव कांबळे, इनॉक डॅनियल्स ही नावं वादकांना आणि जाणकारांना ठाऊक आहेत, घराघरांत नाहीत. आकाशवाणीवर गाणं लागतं तेव्हा निवेदक कवीचं नाव सांगतो, संगीतकाराचं सांगतो, गायकाचं सांगतो. ही फार चांगली परंपरा आहे; कवीचं नाव घेणारी अशी सवय जगात सगळीकडे नाही. संगीत संयोजकाचं नाव मात्र त्यात बसत नाही.

आपल्या कायद्यात तर एक विचित्र गाठ आहे. अरेंजमेंटचा उल्लेख ‘रूपांतर’ या व्याख्येत येतो, आणि रूपांतराचा अधिकार मूळ कृतीच्या मालकाचा. दुसरीकडे, ‘कलाकार’ कोण याच्या व्याख्येला २०१२ मध्ये एक पुस्ती जोडली गेली: चित्रपटात ज्याचं सादरीकरण प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीतही दिलं जात नाही, तो कलाकार धरला जाणार नाही, फक्त आपल्या सादरीकरणाची विकृती झाली तर तक्रार करण्याचा हक्क त्याला राहतो. म्हणजे नाव न देण्याचा रिवाज हाच हक्क न देण्याचं कारण. ज्या वादकांची नावं दशकानुदशकं पडद्यावर आली नाहीत, त्यांच्याविरुद्ध तोच इतिहास वापरण्याची सोय. ही पुस्ती काढून टाकली पाहिजे. आणि ‘संगीतकार’ या व्याख्येशेजारी संयोजकाला स्वतःची जागा दिली पाहिजे, निदान ध्वनिमुद्रणापुरती.

मेल्बाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांबद्दल थोडक्यात सांगतो, तीही कमी मोलाची नाहीत. १९७३ ते १९७९ ती जमैकात होती. तिथल्या संगीत विद्यालयात तिने लोकप्रिय आणि आफ्रिकी-अमेरिकी संगीताचा विभाग सांभाळला, एका चित्रपटाला संगीत दिलं. आधी हार्लेम, ब्रुकलिन, वॉट्स अशा वस्त्यांत मुलांचे वाद्यवृंद तिने बसवले होते. अमेरिकेत परतल्यावर स्वतःचा बँड काढला. १९८५ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि ट्रॉम्बोन कायमचा सुटला. मग ती संगणकावर लिहायला शिकली आणि वेस्टनसाठी पुन्हा लिहू लागली. १९९१ ची ‘द स्पिरिट्स ऑफ अवर अँसेस्टर्स’ या काळातली. १९८७ मध्ये तिला ‘जॅझ मास्टर’ हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. २३ एप्रिल १९९९ ला ती गेली. आता तिच्याबद्दल लिहिलं जातं तेव्हा ‘मोठ्या बँडमधल्या पहिल्या स्त्री ट्रॉम्बोनवादकांपैकी एक’ हे वाक्य हमखास येतं. त्यामागचा हेतू चांगला आहे, पण त्या वाक्याने ती पुन्हा एकदा दुसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर बसते आणि तिचं लेखन टेबलाखाली जातं. तिला पहिली म्हणण्यापेक्षा तिने काय लिहिलं ते वाजवून दाखवावं.

तसं दाखवता येतं याचं कारण तिचे कागद टिकले. शिकागोतल्या एका संशोधन केंद्रात तिचे स्कोअर जपले गेले आणि अभ्यासकांनी एकेक पान उलगडून कोणत्या रेकॉर्डमागे तिचा हात होता ते शोधलं. मुंबईच्या स्टुडिओंत ध्वनिमुद्रण संपलं की बहुतेक कागद रद्दीत जात. जे वाचले ते गोव्यात, वसईत, वांद्र्यात, पुण्यात वादकांच्या घरी असतील. त्या काळात वाजवलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत, आणि अमुक गाण्याचा मधला तुकडा कोणी लिहिला हे सांगू शकणारी तीच शेवटची. कायदा बदलायला वर्षं लागतील. पण मुंबई आणि गोवा विद्यापीठांना या मुलाखती आणि हे कागद गोळा करायला कायद्याची गरज नाही. आकाशवाणीला निवेदनात चौथं नाव जोडायला कोणाची परवानगी लागत नाही. आणि ऑनलाइन संगीत ऐकवणाऱ्या कंपन्या गीतकार, संगीतकार, निर्माता यांचे रकाने भरतातच. संयोजकाचा रकाना त्यांनी सक्तीचा करावा आणि तो भरल्याशिवाय नवं गाणं स्वीकारू नये. या वर्षी ध्वनिमुद्रित होणाऱ्या गाण्यांपासून सुरुवात झाली, तरी आज लिहीत असलेल्या तरुण अरेंजरचं नाव शोधायला पन्नास वर्षांनी कोणाला शिकागोसारखं केंद्र उभारावं लागणार नाही.